एकीचा प्रवास, दोघींच्या जागा

नलू, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, आणि तो का शिवत नव्हता हे मला ठाऊक होतं. अडीच महिने झाले, हे मी कोणाजवळ बोललेले नाही. तुझ्या दादाजवळसुद्धा नाही.

दहाव्याचे विधी समुद्राकाठी केले. आम्ही बायका मागे सुरूच्या झाडांखाली उभ्या होतो. दादाने पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे नव्हते असं नाही. आमच्या डोक्यावरच, सुरूच्या फांद्यांवर ओळीने बसले होते. आपल्या अंगणात पाहुण्यांच्या ताटातला पाव पळवणारे तेच कावळे. त्या दिवशी एकही ओरडला नाही, एकही खाली आला नाही. नुसते बघत होते.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला."

दादाने हात जोडले. "नलू, तुझ्या शाळेतल्या मुलींना बूट घेऊन देतो." आम्ही थांबलो. "शाळेत तुझ्या नावाने बक्षीस ठेवतो." पुन्हा थांबलो. ऊन चढत होतं. मग तो माझ्याकडे वळला. "सुलभा, तुला काही ठाऊक असेल तर सांग. तुम्ही दोघी सगळं बोलायचात."

"मला नाही काही ठाऊक," मी म्हटलं.

मला एवढंच बोलायचं होतं, 'मी जाते मेक्सिकोला.' पण मी ते बोलले असते आणि त्याच क्षणी एखादा कावळा खाली उतरला असता, तर मग मला सुटका नव्हती. मला तीच भीती वाटली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आम्ही निघायला वळलो तेव्हा ते सगळे एकदम उडाले, आणि वाडीकडे न जाता समुद्रावर गेले. पंख वाजले, पण आवाज एकाचाही नाही. गुरुजीही क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "चला. मागे बघू नका."

मी बघितलं होतं.

मी या घरात आले तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस आणि गुडघे कायम फुटलेले असायचे. मला वाटलं होतं नणंद म्हणजे जरा सांभाळून राहावं लागेल. तू पहिल्याच आठवड्यात माझी लग्नातली साडी कमरेला खोचायला लावून मला समुद्राकाठच्या पुळणीवर गोलरक्षक म्हणून उभं केलंस. पुढे तू गावातल्या शाळेत खेळाची शिक्षिका झालीस, लग्न केलं नाहीस, आणि ओहोटीच्या वेळा बघून मुलींचा सराव घ्यायला लागलीस. मी आणि तुझ्या दादाने नारळ-सुपारीच्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. अठ्ठावीस वर्षं आपण एका चुलीवर जेवलो. तू कधी मला अहो-जाहो केलं नाहीस आणि मला ते कधी खटकलं नाही.

फुटबॉलच्या गेल्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपण अंगणात टीव्ही आणून पाहिला. पाहुणे ओरडत होते. तू मात्र गप्प बसून पडद्यावरच्या प्रेक्षकांकडे बघत होतीस. "वैनी," तू म्हणालीस, "ही लोकं पण कुठल्यातरी गावातूनच आली असतील ना गो? पुढच्या वेळी आपण जाऊ."

मी हसले. दुसऱ्या दिवशी तू शंभर पानी वही आणलीस.

महिन्याला सात हजार तुझ्या पगारातले. माझ्याकडून पाहुण्यांच्या नाश्त्याचे, कोकम सरबताचे, मोदकांच्या ऑर्डरीचे. पहिलं वर्ष मी तो तुझा नाद समजून पैसे देत राहिले. मग एकदा बँकेचं पुस्तक तू माझ्यासमोर उघडं करून ठेवलंस, आणि तो आकडा मी बोट ठेवून दोनदा वाचला. कारण आता ते खरं व्हायला लागलं होतं.

किती भांडलो आपण त्या वहीवर. विमानाला एक थांबा की दोन, यावर तीन दिवस. दोन थांबे घेतले तर बारा हजार वाचत होते, पण माझा गुडघा. सुकट न्यायची की नाही यावर मी तुझ्याशी अख्खं एक जेवण बोलले नाही. बॅग उघडली की सगळ्या विमानतळाला कळेल, मी म्हणाले. माझ्या गुरुवारच्या उपासाची केळी तिथे केवढ्याला मिळतात हे तू कुठूनतरी शोधून काढलंस. दिवाळीनंतर तिकिटांच्या सोडतीत आपलं नाव निघालं आणि मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा नावाच्या शहरातल्या एका सामन्याची दोन तिकिटं मिळाली, शेजारशेजारची. छत्तीस हजार. त्या दिवशी तू पेढे वाटलेस आणि कशाचे ते कोणाला सांगितलं नाहीस.

अलिबागला विम्याच्या एजंटकडे गेलो होतो, ते मला आता सारखं आठवतं. तो बिचारा कागदावर बोट ठेवून एकेक कलम वाचत होता. सामान हरवलं तर, विमान चुकलं तर, दवाखान्यात ठेवावं लागलं तर. एका ओळीवरून तो पटकन पुढे सरकला. तू त्याला थांबवलंस.

"हे काय वगळलंत?"

"ते नेहमीचंच असतं मॅडम. मृतदेह परत आणायचा खर्च."

"किती देतात?"

त्याने आकडा सांगितला.

"आणि माणूस इथेच गेला, निघायच्या आधी, तर?"

"मग काय, मॅडम. मग प्रवासच नाही."

"म्हणजे त्याला तिकडे न्यायचा खर्च कोणी देत नाही," तू म्हणालीस.

एजंट हसला, तू पण हसलीस. मी तुला टेबलाखालून चिमटा काढला. बाहेर आल्यावर म्हटलं, "काय अभद्र बोलतेस." तू म्हणालीस, "खर्च विचारला गो, दुसरं काय."

जानेवारीत तिकडच्या खोल्यांचे भाव तिप्पट झाले. तू रात्रीची जेवणं कमी केलीस, दिवस अकराचे नऊ केलेस, तरी बेरीज पाच लाख नव्वद हजारांच्या खाली येईना. आपल्याकडे होते चार लाख तीस. त्याच आठवड्यात दादाने पत्र्यांचा विषय काढला. चक्रीवादळात उडालेले पत्रे आपण तेव्हा तात्पुरते ठोकले होते, ते सहा वर्षं तसेच होते. मागच्या दोन खोल्या पावसाळ्यात बंद ठेवाव्या लागायच्या. मी तुला म्हटलं, "राहू दे नलू. पत्रे घालू. टीव्हीवर बघू पुन्हा."

तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस ती मी विसरणार नाही. "तुला यायचंच नव्हतं," तू म्हणालीस. मी उत्तर दिलं नाही. चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस.

पाचव्या दिवशी शाळेतून आलीस ती गाणं गुणगुणत. वही पिशवीत घालून पिशवीची चेन लावलीस. "जमलं," म्हणालीस.

"जमलं म्हणजे? एक लाख साठ हजार कुठून आले?"

"जमलं म्हणजे जमलं. तू आता कपडे बघ."

मी विचारायला हवं होतं. पण तू पुन्हा बोलायला लागली होतीस, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. मग दोन महिने तू मला त्यांच्या भाषेतले शब्द शिकवलेस. पाणी, किती पैसे, माझा गुडघा दुखतो. व्हिसाला मी एकटी गेले, कारण तू म्हणालीस की शाळेच्या ना-हरकत पत्रामुळे तुझा अर्ज मागे पडलाय. माझा व्हिसा आला तेव्हा तू पासपोर्टचं ते पान उघडून बराच वेळ त्यावरून बोट फिरवत होतीस.

शिमगा झाला आणि पुढच्या मंगळवारी तू पुळणीवर सराव घेता घेता खाली बसलीस. ऊन होतं, ओहोटी पूर्ण लागली होती. मुलींना वाटलं मॅडम बुटाची नाडी बांधतात. त्यांच्यातली कोमल सांगते, तू समुद्राकडे बघून हात वर केलास, कोणी लांबून येणाऱ्याला करावा तसा. तिने वळून बघितलं तर तिकडे कोणी नव्हतं. ती परत वळेपर्यंत तू आडवी झाली होतीस. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव झाला. आधी कळण्यासारखं काही नसतं. तुला कळलं नसणार, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी विचारलं होतं म्हणून सांगितलं. मग मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तेराव्यानंतर मी वही उघडली. पैसे परत किती मिळतील ते बघावं म्हणून.

शेवटच्या पानावर नवीन अंदाजपत्रक होतं, तू 'जमलं' म्हणालीस त्या दिवसाची तारीख घालून. विमान, एक. खोली, एका माणसाची, तळमजल्यावर, जिना नको. जेवण, एक. पुढे कंसात गुरुवारची केळी-दूध. गुडघ्याचं मलम. विम्याचा एक हप्ता. घरी फोनचा खर्च, दादा, त्याच्यासमोर आकडा. त्याच्याखाली, नलू, आणि समोर शून्य. एकूण तीन लाख अडुसष्ट हजार. अगदी खाली, उरले बासष्ट हजार, पत्र्यांना.

मी विमान कंपनीला फोन लावला. तिकीट एकच होतं, माझ्या नावाचं, त्याच दिवशी काढलेलं. तुझा पासपोर्ट कपाटात होता, सगळी पानं कोरी. कुठेही अर्ज गेला नव्हता.

म्हणजे दोन महिने तू माझ्यासमोर खोटी तयारी करत होतीस. मला विमानतळावर सोडून, काहीतरी कारण काढून, तू परत येणार होतीस. हे मी समजू शकते. तू अशीच होतीस. स्वतःच्या ताटातला तुकडा दुसऱ्याच्या ताटात टाकून वर त्यालाच दटावायचीस. मी तुझी बॅग काढली. तिचं वजन तू काट्यावर करून बाहेर चिठ्ठी चिकटवली होतीस. आत माझे कपडे होते. माझी शाल, माझे जुने मऊ झंपर, जे मी घरात शोधून सोडून दिले होते. तुझा एक रुमालसुद्धा नव्हता. अगदी तळाशी मेतकुटाची पुडी.

इथपर्यंत सगळं समजतं, नलू. रडू येतं, पण समजतं. मला जे समजत नाही ती त्या पानावरची, वर मी गाळलेली, पाचवी ओळ. सगळं एका माणसाचं, आणि पाचव्या ओळीत 'सामना, जागा दोन, छत्तीस हजार'. त्याच्यापुढे 'परत विकायची नाही', खाली रेघ मारून. ते दुसरं तिकीट विकलं असतं तर तुला अठरा हजार मिळाले असते, तेवढेच पत्र्यांना जास्त. केळ्यांचा हिशेब करणारी तू, अठरा हजार विसरलीस असं मी स्वतःला कितीतरी वेळा पटवून पाहिलं. पण रेघ मारलेली गोष्ट माणूस विसरलेला नसतो. घरी बसणार होतीस, तर ती जागा कोणासाठी ठेवलीस? आणि फोनचं ते शून्य? दादाच्या फोनवर तूही बोलणार होतीस म्हणून शून्य, हे सरळ उत्तर आहे. मी दिवसा तेच धरून चालते.

मुलींनी पंधराव्या दिवशी सराव पुन्हा सुरू केला. एप्रिलमध्ये एका दुपारी कोमल माझ्याकडे आली. ओल्या पायांनी पायरीवर उभी राहिली, आत येईना.

"काकी, एक विचारू? मॅडमची शिट्टी कोनाकडं हाय?"

मी म्हटलं, माहीत नाही. तुझ्या गळ्यात होती. दवाखान्यातून तुझे कपडे आले त्यात ती नव्हती.

"मंग वाजवतंय कोन?"

मी तिच्याबरोबर गेले. वाळूवर बसले. नऊ मुली होत्या, दोन बाजूंना वाटलेल्या. पाणी लांब गेलं होतं आणि ओली वाळू काचेसारखी चमकत होती. वारा नव्हता. दहा-पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग चेंडू एका मुलीच्या हाताला लागला आणि नऊही जणी जागच्या जागी थांबल्या. एकाच वेळी, जशा तू थांबवायचीस तशा. होडीच्या सावलीतला कुत्रा उठून उभा राहिला आणि पाण्याकडे बघायला लागला. कोमलने माझ्याकडे मान वळवली. "आयकलंत?"

मी काहीच ऐकलं नव्हतं.

मी रोज जायला लागले. पाच-सहा वेळा तरी असं झालं. प्रत्येक वेळी मुली थांबायच्या, कुत्रा बघायचा, आणि मला फक्त पाण्याचा लांबचा आवाज. मुलींना भीती वाटत नव्हती. त्या पुन्हा खेळायला लागायच्या. भीती मला वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त काहीतरी. तू सगळ्यांशी बोलत होतीस, माझ्याशी नाही. पुन्हा ते चार दिवस चालू झाल्यासारखं.

म्हणून एका दुपारी मुली घरी गेल्यावर मी ओल्या वाळूतून पाण्यापर्यंत चालत गेले आणि दहाव्याला जे बोलले नाही ते बोलले. मोठ्याने, माणसाशी बोलावं तसं. म्हटलं, "मी जाते. एकटी जाते. झालं समाधान?"

काही झालं नाही. शिट्टी नाही, पक्षी नाही. पाणी माझ्या घोट्यांपर्यंत आलं तेव्हा कळलं की भरती लागली आहे, आणि मी बराच वेळ तिथे उभी आहे. परत येताना सहज मागे बघितलं. वाळूवर माझ्या पावलांची एक रांग होती. एकच. मला काय अपेक्षित होतं कोणास ठाऊक, पण ती एकच रांग बघून मी तिथेच बसून रडले. तू गेल्यानंतर तशी पहिल्यांदा.

त्या दिवसानंतर मुलींनाही शिट्टी ऐकू येत नाही. कोमल म्हणते, "मॅडम गेल्या वाटतं." कुठे, ते तिने विचारलं नाही.

बासष्ट हजारांचे पत्रे आले. गेल्या आठवड्यात ते बसवताना दादा खाली उभा राहून वर बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते दुसरं तिकीट विकून टाक. आता तरी."

"तिने लिहिलंय, विकायचं नाही."

"ती नाहीये सुलभा."

"म्हणूनच," मी म्हटलं. "असती तर भांडून विकलं असतं."

त्याने खाली पडलेला एक खिळा उचलला. मग विचारलं, "तुला भीती नाही वाटत? एवढ्या लांब?"

"वाटते," मी म्हटलं. त्याला वाटलं मी विमानाबद्दल बोलते. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की विमानात काही होत नाही.

नलू, 'तुला यायचंच नव्हतं' असं तू म्हणालीस तेव्हा मी उत्तर दिलं नाही, ते आता देते. तू खरं बोलली होतीस. मला जायचंच नव्हतं. फुटबॉलमधलं मला आजही काही कळत नाही. चेंडू जाळ्यात गेला की तुझ्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवायच्या की नाही ते मी ठरवायचे. तीन वर्षं मी पैसे टाकले ते फक्त तुझ्याबरोबर त्या वहीवर वाकून बसायला मिळायचं म्हणून. तू जमवलेला प्रवास तू मला दिलास, आणि मला प्रवास नकोच होता, तू हवी होतीस. हे एक वाक्य मी जानेवारीत बोलले असते तर आपण दोघींनी वही मिटली असती, पत्रे घातले असते आणि हसलो असतो. मी पत्र्यांचं कारण सांगितलं. खरं कारण सांगायला लाज वाटली, पन्नाशीच्या बाईला.

माझं विमान अकरा दिवसांनी आहे. बॅग तू भरलीस तशीच ठेवली आहे, फक्त तुझा एक रुमाल टाकला. त्यांच्या भाषेतलं 'माझा गुडघा दुखतो' पाठ आहे. मैदानातल्या जागांचा नकाशा कोमलने मोबाइलवर काढून दाखवला. माझी जागा रांगेच्या टोकाला, आणि तुझी तिच्या आतल्या बाजूला. म्हणजे तिकडे जायचं तर माझ्या गुडघ्यांवरूनच जावं लागेल. माझ्या परवानगीशिवाय त्या खुर्चीवर कोणी बसू शकणार नाही.

मी तिथे बसेन. सामना सुरू होईल, हजारो माणसं उभी राहतील, आणि कधीतरी मला मान वळवून शेजारी बघावं लागेल. खुर्ची रिकामी असेल, किंवा नसेल. मला दोन्हींची भीती वाटते, नलू. पण खरं सांगू, ती रिकामी नसण्याची जरा कमी वाटते.